उसन्या नावाचा चित्रकार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इतिहासाचा तास होणार नव्हता, बाहेर पाऊस कोसळत होता आणि गावाकडची एस. टी. सुटायला दोन तास अवकाश होता. म्हणून मी ग्रंथालयात जाऊन बसलो. समोरच्या मेजावर पाश्चात्त्य चित्रकलेवरचा एक जाडजूड ग्रंथ कुणीतरी तसाच ठेवून गेले होते. चित्रकलेतले मला फारसे कळते असे नाही. आमच्या घराच्या भिंतीवर कॅलेंडर आणि जत्रेत काढलेला एक फोटो, यापलीकडे चित्र म्हणून काही नव्हते. तरी वेळ जावा म्हणून पाने उलटू लागलो आणि एका पानाशी थांबलो.

त्या पानावर एक बाई बसलेली होती. डोक्याला रुमाल, अंगात पायघोळ झगा, पुढे पांढरा एप्रन. तिच्या शेजारी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उभा होता. दोघेही थेट समोर पाहत होते, पण एकमेकांना टेकलेले नव्हते. चेहरे अगदी मन लावून रंगवलेले, डोळे मोठे आणि काळेभोर. हात मात्र नव्हतेच. बाईच्या मांडीवर हातांच्या जागी दोन पांढुरके गोळे होते, जखमेवर चिंधी गुंडाळावी तसे. छपाईत काही चुकले असावे असे मला आधी वाटले. खाली नाव होते ‘चित्रकार आणि त्याची आई’. चित्रकार आर्शिल गॉर्की, अमेरिकन.

ती बाई अमेरिकन वाटत नव्हती. ती आमच्या आळीतल्या कुणा बाईसारखी वाटत होती. या एका शंकेपायी मी पुढचे काही महिने मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे आयुष्य समोर आले ते माझ्या वर्गमित्रांना आणि गुरुजनांना सांगावेसे वाटते.

आधी एक खुलासा. या लेखात गॉर्कीचे स्वतःचे असे एकही वाक्य मी दिलेले नाही. त्याच्या नावावर त्याने बहिणीला लिहिलेली पुष्कळ सुंदर पत्रे प्रसिद्ध झाली होती आणि अनेकांनी ती आपल्या पुस्तकांत उतरवून घेतली. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा त्यांतली बरीचशी पत्रे त्याच्या भाच्यानेच रचलेली असावीत असे दिसून आले. शिवाय गॉर्की स्वतः काही कमी नव्हता. आपल्या प्रेमपत्रांत तो दुसऱ्या कलावंतांच्या पत्रांतले उतारे आपले म्हणून घालत असे! अशा माणसाच्या तोंडी शब्द घालण्यापेक्षा त्याने काय केले तेवढे सांगणे बरे.

त्याचे मूळ नाव वोस्तानिक आदोयान. जन्म १९०४ च्या सुमाराचा. नक्की तारीख कुणालाच ठाऊक नाही आणि तो स्वतः वेगवेगळी वर्षे सांगे. गाव खोरकोम, ऑटोमन साम्राज्याच्या पूर्व टोकाला व्हान नावाच्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी वसलेले. घर आर्मेनियन ख्रिस्ती शेतकऱ्याचे. आई शुशान धर्मोपदेशकाच्या घरातली मुलगी, तिचा पहिला नवरा आधीच्या एका कत्तलीत मारला गेलेला. मुलगा चार वर्षांचा असेल-नसेल तेव्हा वडील सेत्राग सैन्यातली सक्तीची भरती चुकवण्यासाठी अमेरिकेला निघून गेले. बायको आणि मुले मागे राहिली. पुढे शुशान मुलांना घेऊन व्हान शहरात राहायला आली.

१९१२ साली व्हानमध्ये तिने मुलासह एक फोटो काढून घेतला. मुलाला चांगला कोट घातला, हातात फुले दिली आणि स्वतः फुलाफुलांच्या नक्षीचा एप्रन बांधून खुर्चीवर बसली. हा फोटो अमेरिकेला नवऱ्याकडे पाठवायचा होता. आम्ही अजून इथे आहोत, एवढेच त्या फोटोला सांगायचे होते, असे मला वाटते.

त्यानंतर तीन वर्षांनी जे घडले त्याचा आपल्या अभ्यासक्रमात पहिल्या महायुद्धाच्या प्रकरणात ओझरता उल्लेखही नाही. १९१५ मध्ये ऑटोमन सरकारने आपल्याच राज्यातल्या आर्मेनियन प्रजेची हकालपट्टी आणि कत्तल सुरू केली. व्हान शहराला वेढा पडला. आर्मेनियन लोकांनी काही आठवडे झुंज दिली, रशियन फौजा आल्या, पण त्या मागे हटल्या तेव्हा लाखभराहून अधिक माणसे जीव घेऊन उत्तरेकडे चालत निघाली. त्या गर्दीत शुशान होती, अकरा वर्षांचा वोस्तानिक होता आणि त्याच्या बहिणी होत्या. चालत चालत ती येरेव्हानला पोचली. १९१६ मध्ये दोघी थोरल्या बहिणी कशाबशा अमेरिकेला गेल्या. मागे आई, मुलगा आणि धाकटी वार्तुश एवढी तिघेच राहिली. १९१८-१९ च्या हिवाळ्यात येरेव्हानमध्ये निर्वासितांच्या गर्दीत भीषण दुष्काळ पडला, रोगराई पसरली. मार्च १९१९ मध्ये शुशान उपासमारीने मुलांच्या डोळ्यांदेखत गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिने.

या संहाराला वंशसंहार म्हणायचे की नाही यावर शंभर वर्षे राजकारण चालले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला अधिकृतपणे ते नाव दिले २०२१ साली. तुर्कस्तान आजही देत नाही. हे सनावळीचे तपशील मी मुद्दाम देतो आहे, कारण ज्या देशाने या मुलाला आपला थोर चित्रकार म्हणून मिरवले, त्याला तो कशातून आला याचा उच्चार करायला एवढा काळ लागला.

१९२० च्या सुरुवातीला भाऊ-बहीण न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली. बारा वर्षांनी भेटलेले वडील त्याला परके वाटले, आणि ते परकेपण कधीच गेले नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन गावी रबराच्या कारखान्यात त्याने काम धरले. कामाच्या वेळात चित्रे काढतो म्हणून त्याला काढून टाकले, असे सांगतात. मग बॉस्टनच्या एका कलाशाळेत तो शिकू लागला, लगोलग शिकवूही लागला आणि १९२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कला आला. येताना त्याने एक काम उरकून टाकले होते. वोस्तानिक आदोयान हे नाव त्याने सोडले आणि आर्शिल गॉर्की हे नवे नाव घेतले.

लोकांनी विचारले की रशियन लेखक माक्सिम गॉर्कीचा मी नातलग, असे तो सांगे. कधी आपण जॉर्जियातले सरदार घराण्यातले आहोत म्हणे, तर कधी पॅरिसला शिकलो, प्रत्यक्ष कांदिन्स्कीच्या हाताखाली शिकलो म्हणे. पॅरिस त्याने जन्मात पाहिले नाही. गंमत म्हणजे गॉर्की हे त्या लेखकाचेही खरे आडनाव नव्हते. त्याचे आडनाव पेश्कोव्ह, आणि गॉर्की म्हणजे रशियन भाषेत कडू. म्हणजे याने जे नाव उसने घेतले ते मुळातच घेतलेले होते. वर्तमानपत्रांनी मात्र हे सगळे खरे मानून छापले.

हे वाचताना मला पहिल्यांदा हसू आले आणि मग ते थांबले. माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. मी कॉलेजात आलो तेव्हा वर्गातल्या मुलांनी विचारले, तर मी वडील बाजार समितीत असतात एवढेच सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टेबल-खुर्ची यावी अशाच बेताने मी ते बोललो होतो. तेव्हा गॉर्कीला लबाड म्हणण्याचा अधिकार मला कितपत आहे? त्याच्यापाशी तर माझ्याहून किती तरी मोठे कारण होते. त्या काळी अमेरिकेत आर्मेनियन म्हणजे उपाशी माणूस. त्यांच्यासाठी घरोघर वर्गण्या गोळा होत. १९२४ च्या कायद्याने पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांच्या संख्येला कडक मर्यादा घातली आणि आशियाई लोकांना तर दार जवळपास बंदच केले. कणव घेऊन कुणी चित्रकार होत नाही. रशियन लेखकाचा भाऊबंद म्हटले की माणसे निदान चित्राकडे पाहत तरी होती.

पण उसनेपण नावापुरते राहिले नाही, हा खरा मुद्दा. जवळजवळ वीस वर्षे तो दुसऱ्यांसारखी चित्रे काढत राहिला. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम ही त्याची खरी शाळा. आधी काही वर्षे त्याने सेझानसारखी सफरचंदे आणि डोंगर रंगवले, मग पिकासो धरला, मग मिरो. नुसती नक्कल म्हणून लोक त्याला हसत. तो त्याला शागिर्दी म्हणे. आपल्याकडे गाणे शिकणारा मुलगा वर्षानुवर्षे गुरूचाच गळा घेऊन गातो आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. चित्रकाराला मात्र पहिल्या दिवसापासून वेगळेपण दाखवावे लागते! ज्युलियन लेव्ही नावाच्या कलादालनाच्या मालकाने त्याला सांगितले होते म्हणे, की सेझानबरोबर होतास, पिकासोबरोबर आहेस, गॉर्कीबरोबर होशील तेव्हा तुझे प्रदर्शन भरवू. ते प्रदर्शन भरायला १९४५ साल उजाडले.

दरम्यान दिवस मंदीचे होते. युनियन स्क्वेअरजवळच्या स्टुडिओत तो पोटाला चिमटा घेऊन रंग विकत घेई. १९३५ मध्ये सरकारने बेकार कलावंतांना कामे देणारी योजना काढली आणि न्यूअर्क विमानतळासाठी दहा मोठी भित्तिचित्रे करण्याचे काम त्याच्याकडे आले. विमानाचे भाग सुटे करून रचलेली ती चित्रे त्याने १९३७ पर्यंत पुरी केली. युद्धकाळात विमानतळ लष्कराच्या ताब्यात गेला आणि त्या भिंती पुन्हा रंगवल्या गेल्या. दहापैकी दोनच चित्रे १९७० नंतरच्या दशकात रंगाच्या थरांखालून बाहेर काढता आली. उरलेली आठ गेली.

याच स्टुडिओत विलेम डी कूनिंग येऊन बसत असे. हा हॉलंडचा. १९२६ मध्ये रॉटरडॅमहून जहाजात लपून, कागदपत्रांशिवाय अमेरिकेत शिरलेला, घरांना रंग देऊन पोट भरणारा. सरकारी योजनेतले काम त्याला वर्षभरात सोडावे लागले, कारण तो नागरिक नव्हता. मार्क रॉथ्को हा लॅटव्हियातल्या एका गावातून दहा वर्षांचा असताना आलेला ज्यू मुलगा. तो न्यूयॉर्कच्या कलाशाळेत काही काळ गॉर्कीच्या वर्गात होता. हान्स हॉफमन जर्मनीतून आला आणि शाळा काढून बसला. त्याच वर्षांत थॉमस हार्ट बेन्टनसारखे चित्रकार मध्य अमेरिकेतली शेते आणि शेतकरी रंगवून हीच काय ती खरी अमेरिकन कला, असे ठासून सांगत होते. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या अमूर्त चित्रांमुळे कलेची राजधानी पॅरिसहून न्यूयॉर्कला आली असे म्हणतात, ती चित्रे काढणाऱ्यांत हे बाहेरून आलेले लोक आघाडीला होते. सगळेच बाहेरचे होते असे मात्र मी म्हणणार नाही. जॅक्सन पोलॉक वायोमिंगचा, अस्सल तिथला, आणि शिष्य चक्क बेन्टनचा.

आता पुन्हा त्या फोटोकडे येतो. व्हानमध्ये काढलेला तो फोटो गॉर्कीला अमेरिकेत परत भेटला. १९२६ च्या सुमारास त्याने त्यावरून चित्र करायला घेतले आणि एक नव्हे, दोन मोठे कॅनव्हास लावले. एकावर सुमारे दहा वर्षे, दुसऱ्यावर सुमारे पंधरा वर्षे तो काम करत राहिला. रंगाचा थर वाळला की पात्याने खरवडायचा, धुऊन काढायचा, पुन्हा लावायचा. त्यामुळे आईचा चेहरा चिनी मातीच्या भांड्यासारखा गुळगुळीत झाला आहे. फोटोतल्या एप्रनवरची फुले त्याने गाळली. हात तर रंगवलेच नाहीत. का, याची अनेक कारणे विद्वान देतात. हात त्याला काढता येत नव्हते असे मात्र कुणी म्हणू नये. त्याची रेखाटने पाहिली की ती शंका उरत नाही. ज्या हातांनी शेवटी काहीच भरवता आले नाही ते हात त्याला पुरे करवले नाहीत, असे मला वाटते. पण हे माझे वाटणे आहे.

जगाला पिकासोची नक्कल दाखवणारा हा माणूस वर्षानुवर्षे स्टुडिओत हे एक चित्र खरवडत बसला होता. मला त्याच्या सगळ्या थापांपेक्षा हे जास्त खरे वाटते.

बदल झाला तो १९४० नंतर. ‘सोचीमधली बाग’ या नावाची चित्रमालिका त्याने सुरू केली. सोची हे रशियातले काळ्या समुद्रावरचे गाव, म्हणजे तिथेही थाप होतीच. कारण चित्रातली बाग वडिलांची, खोरकोमची होती. त्या बागेत एक वठलेले झाड होते आणि येणारे-जाणारे लोक आपल्या कपड्याची चिंधी फाडून त्याला बांधत, असे त्याने एका टिपणात नोंदवले आहे. हे वाचताना आमच्या शिवेवरची नवसाच्या चिंध्यांनी भरलेली बाभळ डोळ्यांपुढे आली आणि चित्रातले ते फडफडणारे रंगीत तुकडे मला एकदम कळल्यासारखे झाले. अमूर्त चित्र कळत नाही म्हणून आपण पान उलटतो. कुणाच्या गावचे झाड ते, हे आधी कुणी सांगितले तर बरे होईल.

१९४१ मध्ये अ‍ॅग्नेस मॅग्रुडर या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. तिला तो लाडाने मुगूश असे आर्मेनियन नावाने हाक मारी. अमेरिका युद्धात उतरल्यावर त्याने विद्यार्थ्यांसाठी कॅमफ्लाजचा, म्हणजे शत्रूच्या नजरेपासून वस्तू लपवण्याच्या कलेचा वर्ग चालवला. या विषयाला त्याच्याइतका लायक शिक्षक दुसरा कोण मिळाला असता!

१९४३ चा उन्हाळा त्याने व्हर्जिनियात सासऱ्यांच्या शेतावर घालवला. वीस वर्षे शहरात आणि म्युझियममध्ये काढलेला माणूस गवतात जाऊन बसला आणि कागदावर गवत, बोंडे, किडे, मुळे काढू लागला. तिथून पुढची पाच वर्षे म्हणजे खरा गॉर्की. रंग पातळ झाले, पाण्यासारखे ओघळू लागले, रेघ मोकळी झाली. फ्रान्समधून नाझींमुळे परागंदा झालेला कवी आंद्रे ब्रेताँ न्यूयॉर्कमध्ये त्याला भेटला आणि त्याने या चित्रांची थोरवी ओळखली. म्हणजे एका निर्वासिताला ओळखायला दुसरा निर्वासित यावा लागला. १९४४ मधल्या एका चित्राचे नाव गॉर्कीने ‘माझ्या आईचा भरतकामाचा एप्रन माझ्या आयुष्यात कसा उलगडतो’ असे ठेवले. चित्रात ना आई आहे, ना एप्रन. आहेत ते रंगांचे ओघळ आणि तरंगणारे आकार. मातृचित्रातून गाळलेली फुले अठरा वर्षांनी अशी बाहेर आली.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सांगवत नाही. जानेवारी १९४६ मध्ये कनेटिकटमधल्या त्याच्या स्टुडिओला आग लागली आणि वीसहून अधिक चित्रे जळाली. मार्चमध्ये कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्या उन्हाळ्यात, तशा शरीराने, त्याने जवळजवळ तीनशे रेखाटने केली. जून १९४८ मध्ये ज्युलियन लेव्ही चालवत असलेल्या मोटारीला अपघात झाला. गॉर्कीची मान मोडली आणि चित्र काढण्याचा हात लुळा पडला. संसार आधीच विस्कटत आला होता. पत्नी दोन्ही लहान मुलींना घेऊन माहेरी गेली. २१ जुलै १९४८ रोजी त्याने स्वतःच आपले जीवन संपवले. वय चव्वेचाळीसच्या आसपास.

पुढच्याच वर्षी एका समीक्षकाने गॉर्कीवर डी कूनिंगची छाप असल्याचे लिहिले. तेव्हा डी कूनिंगने कलाविषयक मासिकाला पत्र पाठवून ते उलट असल्याचे कळवले आणि आपले मूळ गॉर्कीच्या स्टुडिओत असल्याचे मोकळेपणी मान्य केले. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने गॉर्कीचे स्मृतिप्रदर्शन भरवले. व्हिटनी हे केवळ अमेरिकन कलेचे संग्रहालय आहे.

आई आणि मुलाच्या त्या दोन चित्रांपैकी एक आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. मी ग्रंथालयात पाहिले ते दुसरे, व्हिटनीतले. १९५० साली ते तिथे देणगी म्हणून आले. देणारा ज्युलियन लेव्ही, अपघाताच्या दिवशी मोटार चालवणारा. त्याने ते गॉर्कीच्या मारो आणि नताशा या दोन मुलींच्या वतीने, त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ दिले, अशी नोंद चित्राखाली असते.